अंधाऱ्या खोलीतली बिननंबरी काच

विश्वास ठेवायचा तर ठेवा. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टर उडवण्यात माझाच पहिला नंबर असायचा. पण हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलं. मे १९७६, परभणी, जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा. तीही भर दुपारी.

येलदरीकडचा एक शेतकरी मेलेल्या बैलाच्या रक्ताचा नमुना घेऊन आला होता. काळपुळीचा, म्हणजे जनावरापासून माणसालाही लागणाऱ्या अँथ्रॅक्सचा, संशय होता. मेलेली जनावरं ओढायचं काम गाव ज्यांच्यावर लादायचं, त्यांनी ते केव्हाच सोडलं होतं. म्हणून घरच्यांनीच बैल ओढून पुरला होता.

आमची पद्धत नवीन होती. रंग जोडलेली प्रतिद्रव्यं रक्तावर टाकायची. ती फक्त त्याच जंतूला चिकटतात आणि खास दिव्याखाली हिरवी चमकतात. रक्त पसरून आणि नंबर घालून मी दोन काचा तयार केल्या. एक बैलाची, एक तुलनेसाठी निरोगी जनावराची.

अंधाऱ्या खोलीत गेलो. डोळे सरावायला दहा मिनिटं नुसतं बसावं लागतं.

पंखा बंद होता...

तरी मानेला गार वारा लागला.

मग अगदी पाठीशी, हळू आवाजात...

"माझ्या भावाचं बी बघा, सायेब."

शेतकरीच आत आला असं समजून, बाहेर बसा, म्हणून मी खेकसलो. मग आठवलं, कडी मी आतून लावली होती.

घाम फुटला. तरी काम उरकायला घेतलं. बैलाची काच हिरवी. निरोगी जनावराची काळी. ट्रेमध्ये ठेवायला गेलो, तर बोटांना आणखी एक काच लागली...

तिच्यावर नंबर नव्हता.

भिंगाखाली धरली. ती बैलाच्या काचेपेक्षाही जास्त चमकत होती.

मी धावत बाहेर आलो. बाकावर तो शेतकरी, आश्रुबा, एकटाच होता. तुमचा भाऊ कुठंय, मी विचारलं.

"नागनाथ? त्यो परवाच गेला की. बैल वढला अन् ताप भरला."

म्हणजे नागनाथचा भाऊ माझ्यासमोरच बसला होता. मी आश्रुबाची बाही वर केली. मनगटावर काळी खपली. दुखत नव्हती म्हणून त्यानं कुणाला दाखवलीच नव्हती. तसाच टांग्यात घालून दवाखान्यात नेला. पेनिसिलिन सुरू झालं. उद्या आणला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी त्याची बायको मालनबाई दवाखान्यात आली. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं,

"माझं काई न्हाई म्हणले का भावजी?"

बैलाचा दोर तिनंही ओढला होता. ती काच बघून मी पळालो होतो. ट्रे पुढं चाचपलाच नव्हता.

तिलाही इंजेक्शन द्यायला लावलं आणि प्रयोगशाळेकडे पळालो. शिपाई बन्सीधरनं काचा उकळून धुतल्या होत्या. किती होत्या, मी विचारलं.

"पाच."

दोन मी तयार केलेल्या. एक आश्रुबाची. चौथी मालनबाईची धरली, तरी एक उरते.

त्यांच्या घरात आणखी कुणीच नव्हतं. आणि त्या दुपारी त्या रक्ताला हात लावणारा मी एकटाच होतो...