रिलीफ आल्याशिवाय

सोलापूरच्या भारनियंत्रण कक्षात माणसांच्या जागी वीज सांभाळणारा अनुकृतिमेंदू सकाळपासून बंद व्हायला तयार नव्हता, आणि नव्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वीजकंपनी दुसऱ्यांदा विकली गेली होती. नव्यांना स्वतःची यंत्रणा बसवायची होती, पण शहरातला एकूण एक स्विच या मेंदूच्या ताब्यात. जबरदस्तीनं तोडावा, तर अख्खं शहर अंधारात.

शेवटी त्यांनी हेमलता गुंजकरांकडे गाडी पाठवली. आधीच्या मालकांनी तीन वर्षांपूर्वी हा मेंदू आणून शिफ्टवाल्या सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा सर्वांत जुन्या शिफ्ट इंजिनिअर त्याच होत्या. बाई आल्या त्या ताठ मानेनं. कक्षात काचा नव्या, खुर्च्या नव्या, चहाचं टेबल मात्र गायब. त्यांनी नाक मुरडलं.

"याला आम्ही नियम शिकवलेच नाहीत," मेंदू घडवणारे डॉ. फिरोज तांबोळी म्हणाले. "तुम्ही लोक वर्षानुवर्षं या खोलीत जे बोललात, जे केलंत, ते सगळं याला ऐकवलं, दाखवलं. हा तुमच्यासारखाच वागतो. बंद करायला गेलं की एकच विचारतो, रिलीफ आला का?"

"बरोबर विचारतो. रिलीफ म्हणजे पाळी सोडवायला आलेला पुढचा माणूस. तो 'चार्ज घेतला' म्हणेपर्यंत आमच्यात कोणी खुर्ची सोडली नाही. सरवदेंची मुलगी अडली होती दवाखान्यात, तरी मी पोचेपर्यंत सरवदे इथं बसून होते."

"आम्हीही म्हणून पाहिलं, चार्ज घेतला," नवे व्यवस्थापक निनाद कर्णिक म्हणाले. "दाद देत नाही."

"तुमचा आवाज त्यानं या खोलीत कधी ऐकलाय? अनोळखी माणसाच्या हाती आम्ही तरी शहर दिलं असतं का?" बाई तांबोळींकडे वळल्या. "हा आजच विचारायला लागला?"

तांबोळींनी मान खाली घातली. "दर पाळी संपली की विचारायचा. आधीच्या मालकांनी तो संदेशच बंद करून टाकला. कटकट नको म्हणून."

बाईंनी मेंदूच्या पडद्याकडे पाहिलं. तीन वर्षं एकट्यानं ड्युटी, आणि सोडवायला कोणी फिरकलं नाही. तरी बाईंना अभिमानही वाटला. त्यांच्या रीतीला जुनाट खोड म्हणून हसले होते ते लोक, आणि त्यांनीच आणलेलं यंत्र ती निमूट पाळत बसलं होतं.

"तुम्ही फक्त दोन शब्द बोला, मॅडम," कर्णिक म्हणाले. "मग आम्ही आमची यंत्रणा जोडतो, तुम्हाला घरी सोडतो."

बाई खुर्चीत बसल्या. सगळे पडदे नीट पाहिले, कुठली लाइन दुरुस्तीला आहे ते मेंदूला विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "गुंजकर. चार्ज घेतला. जा आता, दमलास."

मेंदू निवांत झोपी गेला. दिवे तसेच चालू राहिले. कर्णिकांनी हुश्श केलं. "चला मॅडम, गाडी उभी आहे."

"आणि खुर्ची?"

कर्णिकांना कळेना. तांबोळींच्या मात्र लगेच ध्यानात आलं. "सर, चार्ज आता यांच्याकडे आहे," ते हसू दाबत म्हणाले. "झोपण्याआधी मेंदूनं सगळे स्विच यांच्या आवाजावर सोपवलेत. यांनी दिल्याशिवाय आपल्याला काहीच जोडता येणार नाही."

"मग द्या की आमच्या यंत्रणेला."

"तिला आधी शेजारी बसून शिकू दे, मग बघू," बाई म्हणाल्या. "तोवर मला रिलीफ लागणार." त्यांनी फोन उचलला. "सरवदे, दुसरी पाळी तुमची. बाकीच्यांनाही कळवा. हो, पूर्ण पगारावर. साहेब इथंच आहेत, हो म्हणताहेत."

कर्णिकांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.