डी ड्राइव्हमधला आवाज

"बाळ किती महिन्यांचं आहे?"

नगरहून मिरजगावला निघालेल्या एसटीत शेजारच्या तरुणानं असं विचारलं, तेव्हा दिशाला हसावं की रडावं तेच कळेना. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं ओझं ती तासभर जिवापाड जपत होती खरी, पण ते बाळ नव्हतं.

"नऊ वर्षांचं आहे," ती म्हणाली. "आणि कॉम्प्युटर आहे."

"तरीच रडत नाही." त्यानं खिशातला रुमाल काढून खिडकीच्या फटीत कोंबला. तिथून पावसाचे थेंब नेमके गोधडीवर पडत होते. "आजारी आहे का?"

त्याचं नाव अमृत. सुप्याच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा आणि सुट्टीला गावी निघाला होता. दिशानं त्याला दुखणं सांगितलं. सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, फोटोचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि नगरातली तीन दुकानं एकच सांगतात, सगळं पुसा आणि नव्यानं सुरू करा.

"आणि डी ड्राइव्ह?"

"त्यात जागा आहे. पण बाबांचं सगळं काम पण त्यातच आहे…"

"मग पुसायचं कशाला? डीमधली थोडी जागा सीला देऊ. दोघांत बांध आहे असं समजा. तो सरकवायचा."

"आणि उभं पीक?"

आता मात्र त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "ते आधी दुसरीकडं हलवायचं," तो म्हणाला, आणि उगाचच लाजला.

दिशाचे वडील, मच्छिंद्र फोटोवाले, चैत्रात गेले. निम्म्या तालुक्याच्या लग्नांचं शूटिंग त्यांनी केलं, पण स्वतः एकाही चित्रात नाहीत. कॅमेऱ्यामागचा माणूस दिसणार कसा? त्यांचा आवाज तेवढा होता. 'नवरदेव, हसा की जरा.' पण लग्नाची फिल्म तयार करताना ते स्वतःच तो काढून टाकत आणि त्यावर गाणी चढवत. उरला होता तो न कापलेल्या शूटिंगमध्ये. डी ड्राइव्हमधल्या त्या फोल्डरचं नाव होतं 'कच्चं'. रोज दुकान बंद करायच्या आधी दिशा त्यातलं थोडंसं ऐकायची. आईलासुद्धा हे ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी अमृत स्वतःची डिस्क घेऊन बाबांच्या मिरजगावातल्या स्टुडिओत आला.

"सगळं मावायचं न्हाई यात. काय सोडायचं ते तुमी सांगा."

"लोकांची लग्नं आधी," ती म्हणाली. "तो लोकांचा ठेवा आहे."

"आणि हे 'कच्चं'? लई मोठं हाय."

"राहू द्या ते. नसलं तरी चालेल."

"नक्की?"

"नक्की."

परक्या माणसासमोर बापाच्या आवाजासाठी डोळ्यांत पाणी यायला नको, एवढाच तिचा हट्ट. कसला वेडा हट्ट होता तो!

लग्नं उतरवून घेण्यात सकाळ गेली. दुपारी बाराला बांध सरकायला लागला. पाच तास लागणार होते. स्टुडिओतली बॅटरी कधीच मेली होती, म्हणून अमृतनं वायरमनला दोनदा फोन करून आज लाइट जाणार नाही ना, हेही विचारून घेतलं. मग दोघं पडद्यावरच्या आकड्याकडे बघत बसले. बाहेर रिपरिप चालूच होती.

"एवढ्या लग्नांना गेलो मी," तो म्हणाला. "तुमी कशा कधी दिसल्या न्हाईत?"

"मी लाइट धरायचे. लाइट धरणाऱ्याकडे कोण बघतंय?"

"मी बघितलं असतं…"

तिनं आकड्यावरची नजर काढली नाही. पण कित्येक महिन्यांनी आरशात बघावंसं वाटलं तिला.

एकसष्ट टक्के झाले आणि तो चहा आणायला गेला. तेवढ्यात रस्त्यावरून 'राम बोलो भाई राम' ऐकू आलं. गावातली रीतच होती, अंत्ययात्रा निघाली की दुकानदार शटर खाली घेत. दिशा उठली. पूर्वी एकदा दुकानात आग लागली होती, तेव्हापासून बाबांनी तिला सवय लावलेली. शटर ओढण्याआधी मेन स्विच बंद. हात आपणहून वर गेला.

टक्.

अमृत चहाचे ग्लास घेऊन आला, तेव्हा ती जमिनीवर बसली होती. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर डी ड्राइव्ह उघडेना. फॉरमॅट करायचं का, एवढाच प्रश्न पडद्यावर येत होता.

"घाबरू नका. लग्नं हायेत माझ्याकडं."

"कच्चंमध्ये बाबा होते," ती म्हणाली. "त्यांचा आवाज. दुसरीकडे कुठेच नाही तो."

त्यानं ग्लास खाली ठेवले. टेबलावरची आपली डिस्क हातात घेतली.

"माझ्या डिस्कवर दोनशे पिक्चर हायेत," तो म्हणाला. "तुमी नुसतं म्हणायचं हुतं. एका मिनिटात उडवले असते."

हे ऐकून ती रडली. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती.

कॉम्प्युटर तो सुप्याला घेऊन गेला. तीन रविवार नुसता फोन यायचा, 'चालू हाय.' फोन ठेवला की दुकान तिला खायला उठायचं. चौथ्या रविवारी तो आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"सी मोकळा झाला. लग्नं जागेवर हायेत." तो अडखळला. "कच्चं… गेलं. फायली निघाल्या, पण उघडत न्हाईत. एकच उघडली. एक्केचाळीस सेकंद."

चित्र असं नव्हतंच, नुसते हिरवे चौकोन. पण आवाज स्वच्छ होता.

'दिशे, लाइट वर धर. अजून वर… हात दुखतोय का गं?'

'नाही दुखत.' हा तिचाच आवाज, बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा.

'खोटारडी. दे इकडं, मी धरतो थोडा वेळ.'

संपलं.

दिशा चौकोनांकडे बघत राहिली. अमृतनं पुन्हा लावलं नाही, समजूतही घातली नाही. त्यानं खुर्ची जरा जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "दुखतंय का?"

नाही म्हणायला तिचे ओठ उघडले होते.

"हो," ती म्हणाली. "लई दुखतंय."

"मला दर रविवारी सुट्टी असती. आणि आता दुसरीकडं कुठं जावंसं वाटत न्हाई. पिक्चर सगळे उडवलेत मी. डिस्क रिकामीच हाय… आणि तू मला आवडतीस."

"उठून जाऊ नका मग," ती म्हणाली. "मला पण तुम्ही हवे आहात."

त्याची परतीची, साडेपाचची नगरची गाडी समोर येऊन थांबली. कंडक्टरनं दुकानाकडे बघून दोनदा हाक दिली. अमृत जागचा हलला नाही.