राहिलेला डोळा

इंदुबाई आज खाकरली नाही, एवढंच आधी खटकलं.

पेणच्या त्या गणपतींच्या कारखान्यात आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, तिच्याकडे होती. कुंचला टेकवण्याआधी ती दोनदा खाकरायची, मग श्वास रोखायची. आणि एक डोळा आखला की दुसरा होईपर्यंत दारात कुणीही येवो, उठायची नाही. अर्धी नजर उघडी ठेवू नये, म्हणायची.

तिची भाची अपेक्षा कॉलेज संपवून रोह्याहून आली होती, भयकथेच्या स्पर्धेसाठी गोष्ट लिहायला. कथालेखनाच्या शिबिरात बाईंनी सांगितलं होतं, "भूत हवेतून आणू नका. जवळच्या माणसाच्या खऱ्या लकबी द्या त्याला, म्हणजे ते जिवंत होतं." म्हणून कासू स्टेशनच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या भुताला, बायजाला, तिने काल आत्याचं खाकरणं देऊन टाकलं होतं.

"आत्या, आज खाकरलीस नाय ती?"

"घसा बरा हाय. कशाला खाकरू?"

अपेक्षाच्या छातीत धस्स झालं. पण तिला तर भांडं पडलं तरी धस्स व्हायचं. तिने मोबाईलवर गोष्ट उघडली आणि बायजाला आत्याचा लंगडा डावा पाय दिला. वाक्य झकास उतरलं.

जेवायला उठलेली इंदुबाई सरळ चालत गेली.

"आये, पाय बरा झाला की गो," तिचा मुलगा भरत हसला. "आता तुलाच धाडतो मूर्ती पोचवायला." आणि माघी गणपतीची ऑर्डर टेम्पोत घालून तो गडब गावाला गेला. इंदुबाई हसली नाही. स्वतःच्याच पायाकडे ती परक्यासारखी बघत राहिली.

अपेक्षाने तिथेच थांबायला हवं होतं. कळत होतं तिला. पण गोष्ट इतकी कधी जमलीच नव्हती. एवढे डोळे लिहायचे आणि बंद, असं तिने मनाशी म्हटलं. आत्याच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात तिळाएवढा तपकिरी ठिपका होता. तो तिने बायजाला दिला. उजव्या डोळ्याकडे वळणार, तोच समोर कुंचला गळून पडला.

गणपतीचा एकच डोळा आखून झाला होता. आणि इंदुबाई उठली होती.

"आत्या... दुसरा राहिलाय."

"दिसत नाय गो नीट..." डावा डोळा तळव्याने झाकून ती बाहेर पडली.

अपेक्षा मोबाईल हातात घेऊन मागे धावली. दुपारच्या उन्हात गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. ओल्या रंगाचा वास तेवढा दारापर्यंत आला होता, पुढे नाही. तिने सगळी गोष्ट पुसून टाकली. मग आत्याला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. आत तो एक डोळा तिच्याकडे बघत होता. पुन्हा लावला.

उचलला.

आधी दोनदा खाकरणं ऐकू आलं. अपेक्षाला रडूच फुटलं.

"आत्या, कुठे हायस गो?"

पलीकडे एक गाडी निघून गेली. मग फलाटावर पाय ओढल्याचा आवाज... सावकाश, जवळ येत गेलेला.

"पुसलंस काय? असू दे. पण मधेच उठलीस गो पोरी... माझा दुसरा डोळा राहिलाय."