ओडालिसच्या दहा नळ्या

हवानातल्या आमच्या प्रयोगशाळेत निरोगी माणसाचं रक्त विकत आणायची सोय नव्हती. परदेशातून मागवायचं तर परवानगीतच वर्ष जायचं. म्हणून आम्हीच बाह्या वर करायचो. कर्करोगाची खूण रक्तात पकडणारी प्रतिपिंडं मी तयार करत होते. निरोगी रक्तात ती गप्प बसतात ना, हे पाहायला माझी सहकारी ओडालिस हिचं रक्तद्रव वापरत होते. दहा नळ्या भरून ते उणे ऐंशी अंशांवर गोठवलेलं होतं.

दर शुक्रवारी तपासणी व्हायची. आकडा पाचाच्या आत असला की ठीक. ओडालिसचा कायम एक.

मार्चमध्ये तो तीन आला. पुढच्या शुक्रवारी पाच. मग आठ.

प्रतिपिंडं बिघडली असतील म्हणून मी नवी केली. आठच. मग दहाही नळ्या तपासल्या. प्रत्येकीत आठ. गोठलेल्या रक्तद्रवात काही वाढत नाही. वाढायला तिथे जिवंत असं काहीच नसतं.

त्याच दुपारी ओडालिसचं ताजं रक्त घेतलं. एक.

"बघ, मी ठणठणीत आहे," थर्मासमधली कॉफी ओतत ती म्हणाली. "आजारी आहे ती तुझी शीतपेटी."

"हसू नकोस गं."

"मग रडू? मिग्दालिया, माझी आई याच रोगानं गेली. माझ्या नावापुढे आकडा चढताना मला बघवत नाही. टाकून दे त्या नळ्या."

आमचे प्रमुख एवेलियो यांना विचारलं. ते म्हणाले, "टाका. पण एक जपून ठेवा, नियम आहे."

गुरुवारी मी नऊ नळ्या वाफेच्या भट्टीत घालून नष्ट केल्या.

सोमवारी ओडालिस जिन्यात मध्येच थांबली. कठडा धरून उभी राहिली.

"उकाडा," ती म्हणाली.

"हात पुढे कर."

"परत? डास बरा तुझ्यापेक्षा."

मी रक्त तपासलं.

त्र्याहत्तर.

तीनदा तपासलं. तीनदा तेच.

एका कागदावर मी नऊ गुणिले आठ मांडलं. त्यात तिचा स्वतःचा एक मिळवला. तो कागद कुणाला दाखवला नाही.

रुग्णालयात तिच्या यकृतावर गाठी दिसल्या. त्या किमान वर्षभर वाढत असणार, असं डॉक्टर म्हणाले. उपचार चालू आहेत.

काल भेटायला गेले, तेव्हा तिनं विचारलं, "सगळ्या टाकल्यास ना?"

"सगळ्या."

"बरं केलंस."

दहावी नळी शीतपेटीत आहे. ती मी आता तपासत नाही. तपासायची तर तिच्यातला थोडा भाग खर्चावा लागतो.