रेडिओवरची गांडुळं

रेडिओ केंद्राच्या लिफ्टमध्ये माझ्या डब्याचं झाकण निघालं आणि शेजारचा तरुण किंचाळला.

"गां… गांडूळ! माझ्या बुटावर!"

"ओरडू नका हो, घाबरेल बिचारं." मी वाकून उचललं. गांडूळ, तरुण नव्हे.

वर गेल्यावर कळलं, हाच माझ्या कार्यक्रमाचा निर्माता. झालं! पहिल्याच घासाला खडा.

विद्यापीठातलं संशोधन सामान्य माणसांना ऐकवायचं, असा रेडिओचा आणि आमच्या विभागाचा बेत होता. सुरुवात माझ्यापासून. पहिला भाग पडला, तर मालिकाच गुंडाळणार होते. मी घाबरत कागद उघडला— "मृदेतील सेंद्रिय घटकांच्या विघटनप्रक्रियेत…"

काचेपलीकडे त्याने जांभई दाबली. मला दिसलीच.

"रटाळ होतंय ना?" माझा आवाज रडवेला झाला.

तो उठून आत आला, खुर्ची ओढून समोर बसला. "कागद इकडे द्या. आता मला सांगा, या… या बाईसाहेबांत तुम्हाला एवढं आवडलं काय?"

"बाईसाहेब नाहीत. साहेबही नाहीत. एकाच अंगात दोन्ही असतात."

"वा! म्हणजे स्थळं बघायची कटकटच नाही."

"आहे की! जोडीदार लागतोच." मला हसू फुटलं. "आणि हृदयं तर एकापेक्षा जास्त असतात."

"बापरे! इथे एकच आहे, तेही जागेवर राहत नाही…"

माझे कान तापले. मग मात्र मी सुटलेच! गांडूळ माती कसं खातं, अंधारात वाट कशी काढतं, त्याच्या मागून मुळांना हवा-पाणी कसं मिळतं… सांगता सांगता म्हणाले, "त्याचा आवाजही येतो. ऐकायचाय?"

त्याने डब्यातल्या मातीजवळ माइक नेला. हेडफोन एकच. एक कान त्याचा, एक माझा.

खस्… खस्…

"चाललंय ते!" तो कुजबुजला. त्याचे केस माझ्या कपाळाला लागत होते. दोघंही हललो नाही.

"माझ्या हातावर द्या," तो अचानक म्हणाला आणि घट्ट डोळे मिटले. मी गांडूळ त्याच्या तळहातावर ठेवलं. खालून माझा हात लावला.

"अहो… गुदगुल्या होतात!"

सगळं जसंच्या तसं रेकॉर्ड झालं. तसंच प्रसारितही झालं.

कार्यक्रम संपला तेव्हा आम्ही केंद्राच्या पायऱ्यांवर बसलो होतो. लगेच आईचा फोन. तिचा आवाज म्हणजे लाउडस्पीकरच.

"अगं, इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, 'मातीचं काहीतरी करते.' आज कळलं गं, काय करतेस ते! आणि तो मुलगा कोण?"

"निर्माते आहेत, आई."

"निर्माते असं बोलतात होय? आम्ही काय आज रेडिओ ऐकतोय?"

तो मान खाली घालून हसत होता. मग हळूच म्हणाला, "पुढचे भाग मंजूर झालेत. तुमचे सगळे सहकारी येतील आता."

"म्हणजे माझं काम संपलं."

"रेकॉर्डिंगचं संपलं. पण मला तुम्हाला ऐकायचंय… माइक नसताना. रोज."

फोन अजून कानालाच होता.

"हो म्हण की गं!" आई ओरडली.

मी फोन बंद केला. आणि म्हणाले— फक्त त्यालाच ऐकू जाईल, इतक्या हळू.