पाठीशी

इसामु डोंगरावर निघाला तो भावाला घरी आणायला. भूतबीत काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

थोरला भाऊ तोकुजी अळंबी काढायला गेला तो परत आलाच नाही. गावकऱ्यांनी आठवडाभर डोंगर पालथा घातला आणि शेवटी शोध थांबवला. उत्तर जपानात, आकिताच्या त्या अंगाला बर्फ लवकर पडतं. एकदा पडलं की वसंतापर्यंत माणूस सोडाच, त्याची टोपीसुद्धा हाती लागत नाही. शोध थांबला त्याच्या दुसऱ्याच सकाळी इसामुच्या वायरलेसवर कुणीतरी बटण दाबलं. खट, खट. मग नुसता श्वास, तो थांबेचना.

ती दादाची खूण होती. दोघे भाऊ पोरवयापासून हौशी वायरलेसवाले. दादा म्हणायचा, "एकदा बटण कुणीही दाबतं. दोनदा ऐकलंस की समज, मी आहे."

"अरे, तोकुजीने नेलेल्या सेटची बॅटरी दोन दिवसांवर जात नाही," गावच्या शोधपथकाचा म्होरक्या ओनोदेरा म्हणाला. "कुणीतरी चेष्टा करतंय तुझी."

"दादाची खूण त्यांना काय ठाऊक?"



किनुएवहिनींनी भाताचे गोळे बांधून दिले आणि अस्वलाची घंटी त्याच्या हातात कोंबली. "पट्ट्याला बांधा. अस्वलं आवाज ऐकून बाजूला होतात. तुमच्या दादांसारखा हट्ट नको, भावोजी. तो माणूस जन्मात कधी घंटी बांधून गेला नाही. म्हणे, अस्वलं मला ओळखतात." मग त्यांचा आवाज चिरकला. "कसेही असोत... घेऊन या."

इसामुजवळ त्याने घरी बनवलेला यागी अँटेना होता. एका दांडीवर आडव्या काड्या, बस. मागची काडी लांब, ती लाटेला परत पुढे ढकलते. पुढच्या आखूड, त्या लाटेला ओढून आणतात. मधली तेवढी ऐकते. त्यामुळे हे यंत्र तोंडासमोरचं लख्ख ऐकतं, आणि मागच्या बाजूला जवळजवळ बहिरं असतं. पुलावर उभं राहून त्याने यागी हळूहळू फिरवला. जिथे सेटवरचा सिग्नलचा काटा सगळ्यात वर चढला, त्या दिशेची रेघ नकाशावर ओढली. देवळामागून दुसरी ओढली. दोन्ही रेघा जुन्या कोळशाच्या भट्टीपाशी एकमेकींना छेदत होत्या.

चढ लागला तसं धुकं उतरलं. कुजक्या पानांचा ओला वास येत होता. पाखरूही बोलत नव्हतं. आणि मग सेटमधून, श्वासाच्या बरोबरीने, घंटी ऐकू यायला लागली. किण... किण... कुणीतरी चालत होतं. इसामुचा जीव भांड्यात पडला. दादा जिवंत होता, चालत होता! तो जवळजवळ पळतच सुटला, आणि सेटमधली घंटीही घाईने वाजायला लागली.

भट्टीपाशी काटा टोकाला जाऊन चिकटला. यागी कुठेही वळवा, तो तिथेच. म्हणजे माणूस अगदी जवळ होता. अशा वेळी यागीचा उपयोग नसतो. लहानपणी लपवलेला सेट शोधायच्या खेळात दादाने त्याला शिकवलं होतं, "काड्या काढून ठेव. सेट छातीशी घट्ट धर आणि स्वतःभोवती फिर. तुझं अंग आड येतं ना, तिकडे आवाज दबतो. आवाज दबला की समज, तो तुझ्या पाठीशी आहे."

इसामु फिरला. उताराकडे तोंड केल्यावर आवाज दबला. तो वळला. मागे भट्टीचं ढासळलेलं तोंड होतं.

दादा आत होता. पाय मोडलेला, भिंतीला टेकून बसलेला, डोळे मिटलेले. हात लावायच्या आधीच कळत होतं. इसामु तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. निदान वहिनींना आता बर्फ वितळायची वाट बघावी लागणार नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याचं लक्ष दादाच्या हाताकडे गेलं. मुठीत सेट होता. मागचं झाकण फुटलेलं, आत बॅटरीच नव्हती, पाणी साचलेलं. कमरेला घंटी नव्हती. घंटी दादा बांधतच नसे.

आणि इसामुच्या सेटमधून श्वास अजून येत होता.

तो उठला. किण, सेटमध्ये वाजलं. तो थबकला. घंटी थांबली. त्याने स्वतःच्या पट्ट्याची घंटी हलवली; सेटमध्ये तीच घंटी, अगदी जवळून. मग मुठीत दाबून धरली. सेटमध्ये नुसता श्वास.

बाहेर येऊन त्याने सेट छातीशी धरला आणि फिरला. उताराकडे आवाज दबलेला. भट्टीकडे दबलेला. जंगलाकडे, वाटेकडे, पुन्हा उताराकडे... सगळीकडे दबलेलाच.

मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. वळून उपयोगही नव्हता, तो मघापासून वळतच होता. भट्टीत दादाचे पाय दिसत होते. बटणाला हात न लावता तो धुक्याला हळूच म्हणाला, "दादा... तूच आहेस ना?"

छातीवरच्या सेटमधला श्वास थांबला.

खट.

इसामु दुसऱ्या खटची वाट बघत उभा राहिला.