परनामी जोडणी

बोगदे खणणाऱ्या छेदक यंत्राचं गिरमिट भिंत फोडून आलं आणि गुरवच्या पाठीतून शिरून छातीबाहेर निघालं. गुरवने नवा संगणक नेटवर्कला जोडून मिनिटही झालं नव्हतं. छेदकाने तो संगणक गुरवसकट चिरडला. शेजारी थिजून उभे असलेले डॉ. इरावती टिल्लू आणि यासीन परकार यांच्याकडे ढुंकूनही न पाहता तो भोकातून मागे सरकला.

यासीनने गुरववर आपला कोट पांघरला. "ताई, आपल्याला का सोडलं?"

"छेदकाला माणूस दिसतच नाही. त्याला दिसतात नेटवर्कवरची नावं." इरावतीबाई म्हणाल्या. "संगणकांत विषाणू शिरल्यापासून त्याच्या लेखी दोनच गोष्टी आहेत. बाधित यंत्रांची नावं म्हणजे आपली. बाकी सगळी नावं म्हणजे फोडायचा खडक."

डोंगराच्या पोटातल्या या प्रयोगशाळेतले सगळे छेदक आता धरणाच्या दिशेने पोखरत निघाले होते. धरण फुटण्याआधी लष्कर अख्खा डोंगर उडवणार होतं. आत कोणी जिवंत नाही, अशी बाहेर खात्री झाली होती. आणि खालच्या बोगद्यात माणसं होती. यासीनची मुलगी जुलेखाही त्यांच्यात होती.

खोलीतला मोठा संगणक बाधित होता, म्हणूनच शाबूत होता. पण त्याच्या पोटात एक आभासी यंत्र, म्हणजे संगणकातला संगणक, होतं आणि त्यावर बाईंनी हौसेने रचलेली 'एकतारी' ही निराळी कार्यप्रणाली चालत होती. विषाणूला तिची भाषाच येत नव्हती. उणीव एकच होती, एकतारीला नेटवर्क नव्हतं.

बाईंनी आभासी नेटवर्क कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. निरोप जाऊ लागले, पण उत्तर एकही येईना.

"येतंय," यासीन पडद्याकडे पाहत म्हणाला. "तुमची एकतारीच फेकून देतेय. पडताळणीचा आकडा चुकीचा म्हणते."

"चुकीचा आकडा मी कसा आत घेईन?"

"आभासी कार्ड तो आकडा भरतच नाही. एकाच यंत्रातल्या यंत्रात निरोप फिरतोय, वाटेत बिघडणार कुठे? सोवळं सोडा ताई, माझी पोर खाली आहे."

बाईंनी पडताळणी काढून टाकली आणि उत्तर आलं. त्यांनी डोळे मिटून रामकृष्णहरी म्हटलं, मग लष्कराला कळवलं, 'खाली माणसं जिवंत आहेत.'

मेजर रणनवरे यांचं उत्तर लगेच आलं. 'कालही तुमच्याच नावाने हाच निरोप आला. मी तुकडी पाठवली. तिच्या बिनतारी संचांवर छेदक चालून गेले. पोरांची प्रेतंसुद्धा गोळा करता आली नाहीत.'

"तुमच्याच नावाने म्हणजे?" यासीनने विचारलं.

"आपली जोडणी परनामी आहे. कीर्तनात बुवा चरण विसरले की मागचा टाळकरी हळूच सांगतो. लोकांना तो ऐकू येतो बुवांच्याच तोंडून. एकतारी काहीही बोलली तरी बाहेर नाव जातं या बाधित यंत्राचं. म्हणून तर आपण जिवंत आहोत. पण काल याच नावाने विषाणूनेही निरोप धाडला असणार."

"आणि म्हणूनच कोणी विश्वास ठेवत नाही. स्वनामी करता येईल?"

"येईल. पण एकतारीला स्वतःचं नाव मिळालं की ते छेदकांनाही दिसेल."

यासीनने कोपऱ्यातला घण उचलला आणि भिंतीतल्या भोकापाशी जाऊन उभा राहिला. "करा."

बाईंनी जोडणी बदलली. डोंगर आतून गुरगुरला.

'नवं नाव दिसतंय,' मेजरनी लिहिलं. 'हाही डाव नसेल कशावरून?'

'छेदक कुठे वळलेत ते तुमच्या यंत्रावर पाहा. ते बाधित यंत्रांवर चालून जात नाहीत,' बाईंनी लिहिलं.

पडद्यावर शब्द उमटले. 'सगळे तुमच्याकडे वळलेत, धरणाकडचेसुद्धा. माणसं नेमकी कुठे आहेत?'

बाई टंकत राहिल्या. खालचा बोगदा, पूर्वेचं तोंड. मागे पोलादावर घण आदळला. पुन्हा आदळला. गिरमिटाने यासीनचा हात खांद्यापासून उपटला. तो गुडघ्यावर आला आणि उरलेल्या हाताने घण फिरवत त्याने गिरमिटाचं टोक वाकवलं. ते तसंच वाकडं फिरत त्याच्या गळ्यातून गेलं. बाईंच्या पाठीवर गरम चिळकांडी उडाली. वाकड्या गिरमिटाने बंद पडलेला छेदक भोकात अडकून बसला आणि मागचे त्याला कुरतडू लागले.

'डोंगर उडवू नका,' त्यांनी लिहिलं. 'सगळे छेदक या एका खोलीपाशी जमतायत. तेवढीच उडवा.'

'विमान वरच आहे. पण तिथे तुम्ही आहात.'

'आहे,' बाईंनी लिहिलं. 'म्हणूनच हे नाव चालू आहे आणि ते इथे येतायत.'